शुश्रूषेंतील डोळस ममता

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता असावी, अशी तेथें अपेक्षा आहे. आपल्या कुटुंबांतून अनुरागाची वाण सहसा नसते. मात्र ज्ञानाचें काम ममतेनेंच भागतें, असा एक समज घरोघर आढळतो.

गेल्या वर्षीं आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं समाचारास गेलों होतों. आजी पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या. घरांत माणसें चौदा, खोलींत सारखी रीघ. परिचारिकेचें शिक्षण घेणारी नात त्यांना कुशीवर वळवूं लागली, तेव्हां थोरल्या काकू म्हणाल्या, "अग, आतांच कुठें डोळा लागलाय त्यांचा. कशाला छळतेस?" मुलीनें हट्ट सोडला नाहीं. माकडहाडावर रुपयाएवढा काळसर डाग निघाला. चौदा माणसांपैकीं एकानेंही तो पाहिला नव्हता.

हाड आणि बिछाना यांच्यामध्यें मांस दाबलें गेलें म्हणजे तेथील रक्तप्रवाह अडतो व आंतील भाग मरूं लागतो. म्हणून वरून चिमुकला दिसणारा शय्याव्रण आंत खोल असूं शकतो. माकडहाड, खुबे, टांचा, घोटे हीं स्थानें रोज उजेडांत पाहावीं. लाल डागावर बोट दाबून उचलावें. क्षणभर फिकटपणा न आला तर इजा सुरू झाली असें समजावें. सांवळ्या त्वचेवर ही खूण नीट उमटत नाहीं. तेथें आसपासच्या त्वचेहून तो भाग ऊन, गार, टणक वा मऊ लागतो काय, हें हातानें पाहावें. पूर्वीं अशा जागीं स्पिरिट चोळून पावडर लावीत. आतां चोळणें निषिद्ध मानतात, कारण त्यानें दुखावलेलें मांस अधिकच दुखावतें. मध्यें भोंक असलेली गोल उशीही त्याज्य. साधारणपणें दर दोन तासांनीं, वैद्याच्या सल्ल्यानें, कूस बदलावी. रोग्याला ओढूं नये. दोघांनीं चादरीसकट उचलावें. पोटऱ्यांखालीं उशी देऊन टांचा अधांतरीं ठेवाव्या. ओली चादर तत्काळ बदलावी, मग पाहुणे बसलेले असोत कीं नसोत!

श्वास मोजण्याची युक्ति तर मोठी मौजेची आहे. आपला श्वास मोजताहेत असें कळतांच रोग्याची लय बदलते. यास्तव नाडी पाहिल्यावर मनगट न सोडतां छातीकडे नजर ठेवून पुरें एक मिनिट मोजावें. प्रौढ माणसाचे स्वस्थपणीं १२ ते २० श्वास होतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ च्या आपल्या पुस्तकांत रुग्णनिरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. पुण्यास १९०९ सालीं सेवासदन निघालें, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें तेथून स्त्रिया परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळूं लागल्या, तेव्हां पांढरपेशा घरांनीं नाकें मुरडलीं. तीं अजून पुरतीं सरळ झालेलीं नाहींत. मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वांटतात, परिचारिका होतें म्हणाली तर सारे गप्प होतात. हें आम्हांस अनाकलनीय वाटतें.

वैद्य आल्यावर "रात्र बरी गेली" एवढें सांगून भागत नाहीं. ताप, नाडी, श्वास, लघवी, कूस बदलल्याची वेळ हें सारें उशाशीं वहींत टिपलेलें असावें. आणि रात्रीं जी जागली असेल, ती घरांतील सर्वांत धाकटी सून असली तरी, वडीलधाऱ्यांच्या देखत वैद्याशीं तिनेंच बोलावें.