आधी अनुवाद, मग उत्तर

महाराष्ट्रात वादांचा दुष्काळ कधी पडल्याचे ऐकिवात नाही. ग्रामसभा असो, शाळेतील शिक्षकांची खोली असो, कचेरीतील मधल्या सुट्टीचा चहा असो की वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रांचा स्तंभ असो. चार माणसे जमली की मतभेद उभा राहतो, आणि त्यात वावगे असे काहीच नाही. वावगे घडते ते त्यापुढे. प्रतिपक्षी बोललेला असतो एक, उत्तर दिले जाते भलत्यालाच. आणि हे भलते बहुधा उत्तर देणाराने स्वतःच रचलेले असते. आपणच रावण उभारावा आणि आपणच तो जाळावा, असा हा दसरा आपल्याकडे बारमाही चालू आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात; मूळ प्रश्न होता तिथेच राहतो.

या दोषाकडे आपल्या पूर्वसूरींचे लक्ष गेले नव्हते असे मुळीच नाही. न्यायदर्शनाने चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याचे मोडीत काढणे ही वितंडा. त्यापुढे जाऊन न्यायसूत्रांनी बावीस निग्रहस्थाने सांगितली. निग्रहस्थान म्हणजे वादी पराभूत झाला असे जिथे सभेने ठरवायचे ते ठिकाण. त्यांपैकी एकाचे नाव ‘अननुभाषण’ असे आहे. प्रतिपक्षाचे विधान तीन वेळा उच्चारले गेले, सभेला ते समजले, तरीही ज्याला ते पुन्हा उच्चारून दाखविता येत नाही, तो हरला! त्याचे उत्तर बरोबर की चूक, हा प्रश्न तिथवर आलेलाच नाही. उत्तर देण्याचा अधिकारच त्याने गमावलेला आहे.

यातील खरी मौज पुढेच आहे. ‘पुनरुक्त’ हेही एक निग्रहस्थानच आहे. म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे सांगितले नाही तरी पराभव आणि तेच ते निष्कारण घोकले तरी पराभव. या दोहोंमधून वाट काढण्यासाठी शास्त्रकारांनी एक अपवाद ठेवला. काही प्रयोजनाने केलेली पुनरुक्ती हा दोष नव्हे. तिला ‘अनुवाद’ म्हणावे. आज आपण हा शब्द भाषांतराला वापरतो, परंतु त्याचा जुना अर्थ असा आहे : ज्याला उत्तर द्यायचे तेवढेच, ज्या शब्दांत ते बोलले गेले त्याच शब्दांत, प्रथम पुन्हा सांगणे. दुसऱ्याचे अवतरण किती घ्यावे, या प्रश्नाला इतके नेमके उत्तर क्वचितच सापडेल. कोणाचे दोन रकान्यांचे पत्र जसेच्या तसे उतरवून खाली ‘मी सहमत नाही’ एवढेच लिहिणारा पुनरुक्तात सापडतो. त्यातले अर्धे वाक्य तोडून त्याच्यावर तुटून पडणारा छलात. छलाचे उदाहरणही शास्त्रात खुमासदार आहे. ‘या मुलाजवळ नवकंबल आहे’, असे कोणी म्हणावे, बोलणाराच्या मनात नवी घोंगडी असावी, आणि ऐकणाराने ‘नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते!’ असे म्हणून विजयी मुद्रेने सभेकडे पाहावे. हा नऊ घोंगड्यांचा पंडित आजही आपल्यात आहे. तो कोणत्या जिल्ह्यात अधिक आढळतो, हे सांगण्याचे धाडस मात्र आम्ही करणार नाही.

सातारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ही परंपरा पोथीतच राहिली नाही. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९२३ साली कलकत्त्याहून ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळविली. त्याच वाईत पुढे धर्मकोश, मीमांसाकोश आणि मराठी विश्वकोश अशी प्रचंड कामे उभी राहिली. ज्या मीमांसेचा कोश येथे रचला गेला, तिच्यात प्रत्येक अधिकरण विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती अशा पाच अंगांनी चालते. सिद्धांताच्या आधी पूर्वपक्ष, आणि तोही दुबळा करून नव्हे. जुन्या पठडीतील भाष्यग्रंथ वाचताना पूर्वपक्षच सिद्धांत आहे की काय असा भ्रम नवख्या विद्यार्थ्याला होतो, इतक्या ताकदीने तो मांडलेला असतो. शास्त्रीबोवांच्या अनेक मतांशी आपले जुळणार नाही. ही शिस्त मात्र मतांच्या पलीकडची आहे.

तिचा विसर पडला म्हणजे काय होते, याचा दाखला वाङ्मयातही आहे. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर आणि ना. सी. फडके यांच्यातील मतभेद आज विद्यार्थ्याला ‘जीवनासाठी कला’ आणि ‘कलेसाठी कला’ या दोन घोषणांपुरतेच ठाऊक असतात. परीक्षेला तेवढे पुरते. पण फडक्यांच्या कादंबरीत जीवन नाही किंवा खांडेकरांना रचनेची पर्वा नाही, असे निष्कर्ष त्या घोषणांवरून काढणारा दोघांनाही न वाचता निकाल देत असतो.

या बाबतीत आपल्या कारकुनाचे कौतुक केले पाहिजे. ज्याची रूक्षतेबद्दल थट्टा होते, त्या सरकारी पत्राच्या डोक्यावर ‘विषय’ असतो आणि त्याखाली ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक’ अशी ओळ असते. नस्तीतील टिप्पणी कोणत्या पृष्ठावरील कोणत्या परिच्छेदाला धरून आहे, हे समासात नोंदलेले असते. गौतमाच्या सूत्रांशी या कारकुनाचा काडीचा संबंध नसेल, पण अनुवादाचा धर्म तो रोज दहा ते सहा पाळतो, आणि सहानंतर बाहेर पडून चौकातल्या वादात आपल्यासारखाच तो विसरतो.

चौकातला वाद करमणुकीचा असेल तेव्हा हे चालून जाते. सांगलीत पुराचा वाद करमणुकीचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या महापुरानंतर अवघ्या चौदा वर्षांत लोकांचे संसार पुन्हा पाण्याखाली गेले. तेव्हापासून ‘अलमट्टीमुळे पूर येतो’ आणि ‘अलमट्टीचा काही संबंध नाही’ अशा दोन आरोळ्या आलटून पालटून ऐकू येतात. एक पक्ष कर्नाटकातील त्या धरणाच्या फुगवट्याने कृष्णेचा उतार मंदावतो असे मानतो. दुसरा अतिवृष्टी, कोयना-वारणेचे विसर्ग आणि पूररेषेच्या आतील बांधकामे यांकडे बोट दाखवितो. राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. एका बाजूने ते वाक्य उचलले आणि वाद संपला असे जाहीर केले. दुसऱ्या बाजूने अहवाल उघडण्याआधीच तो विकला गेल्याचे ठरविले.

आता यात अननुभाषण कोठे आहे ते पाहावे. समितीपुढचा प्रश्न झालेल्या पुराचा होता, म्हणजे धरणात सध्या ५१९.६० मीटरपर्यंत होणाऱ्या साठ्याचा. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये ती पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. हा प्रश्न उद्याच्या पुराचा आहे. सांगलीचा रहिवासी विचारतो वाढीव उंचीबद्दल. त्याला उत्तर मिळते २०१९ बद्दल. तोही मग उलट दिशेने तेच करतो : उंची वाढविण्याबद्दलची रास्त भीती हाच २०१९ चा पुरावा म्हणून पुढे करतो. न्यायशास्त्र याला ‘अर्थांतर’ म्हणते, आणि तेही बावीसांपैकी एक आहे. दोघेही प्रामाणिक असतील, दोघांजवळ आकडेही असतील. पण एकमेकांचे वाक्य कोणी एकदाही पुरते उच्चारलेले नाही.

पुराच्या प्रश्नावर सांगलीत पुढची जाहीर बैठक भरेल, तेव्हा अध्यक्षांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याने उत्तर देण्यापूर्वी पूरग्रस्ताचा मुद्दा चार वाक्यांत सांगावा, आणि ‘हेच म्हणायचे होते ना?’ असे विचारून त्याचा होकार घ्यावा. पूरग्रस्तांच्या प्रतिनिधीनेही अहवालाचे पान व परिच्छेद वाचून दाखविल्याखेरीज त्यावर टीका करू नये. बैठक एका तासाऐवजी तीन तास चालेल, हे कबूल. पाण्याला चढायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि तो सारा वेळ सध्या आपण आरोळ्यांत घालवीत आहोत.