कॉइल बिघडली, हे ओळखावे कसे?

मे महिन्यातील दुपार. नरखेड तालुक्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. सकाळी काटोलला सुरळीत गेलेली पेट्रोलची मोटार परतताना धक्के देऊ लागते. इंजिनाचा जोर कमी होतो, समोरच्या फलकावरील इंजिनाचा दिवा लुकलुकतो. गॅरेजवाला म्हणतो, "मिसिंग मारते आहे, कॉइल गेली असेल." संध्याकाळी गाडी गार होते आणि पुन्हा नीट चालते! मग कॉइल खरोखर गेली की नाही? हा प्रश्न विज्ञानाच्या वर्गात आणण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. (डिझेल इंजिनात दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, म्हणून डिझेलच्या ट्रॅक्टरमध्ये ही कॉइल सापडणार नाही.) ठिणगीसाठी हजारो व्होल्ट लागतात, बॅटरी मात्र १२ व्होल्टची. ही दरी कॉइल भरून काढते. तिच्यात लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात: थोड्या वेढ्यांची, जाड तारेची प्राथमिक गुंडाळी आणि हजारो वेढ्यांची, केसासारख्या तारेची दुय्यम गुंडाळी. प्राथमिक गुंडाळीतील प्रवाह एकाएकी तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

एवढा दाब वेढ्यांमधील पातळ आवरणाला झेपावा लागतो. उष्णता व हादरे यांनी ते जीर्ण होते. इंजिन तापले की कमकुवत जागी आतल्या आतच ठिणगी उडते आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. तारेत बारीकशी चीर असेल तर तीही तापल्यावर प्रसरणाने उघडते. गार झाल्यावर दोष लपतो. म्हणून तपासणी इंजिन तापलेले असतानाच्या लक्षणांवरून करावी लागते.

पण मिसिंगला कारणे अनेक: प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर, ढिली जोडणी, सिलिंडरमधील कमी दाब. स्कॅनरवर 'पी०३०२' हा संकेत आला, तर त्याचा अर्थ 'दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे' इतकाच. तो कॉइलवर ठपका ठेवत नाही.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत एक सोपा प्रयोग करता येतो. इंजिन बंद करून, थोडे निवू देऊन, दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी; प्लग जागेवरच ठेवावेत. जुना संकेत पुसून इंजिन पुन्हा तापू द्यावे. मिसिंग तिसऱ्या सिलिंडरवर गेले, तर दोष कॉइलीचा. दुसऱ्यावरच राहिले, तर ती कॉइल निर्दोष. मग प्लग बदलून पाहावा. दोन्ही एकदम बदलल्यास गाडी कदाचित सुधारेल, पण कारण कळणार नाही आणि चांगला भाग फुकट जाईल.

मल्टिमीटरने रोधही मोजता येतो. अनेक साध्या कॉइलींत प्राथमिक गुंडाळीचा रोध काही ओहमच, दुय्यमचा हजारो ओहम असतो. नेमके आकडे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावेत. रोध अनंत दाखवला तर तार तुटली आहे. मात्र रोध बरोबर आला म्हणून कॉइल चांगली ठरत नाही. मीटर काही व्होल्टच लावतो. आवरण हार खाते ते हजारो व्होल्टला.

दोन इशारे महत्त्वाचे. चालू इंजिनाची कॉइल किंवा प्लगची तार ओढून ठिणगी पाहू नये. जबर झटका बसू शकतो व पेट्रोलची वाफ पेटू शकते. आणि दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक परिवर्तकात जाते, तो अतितप्त होतो, आणि कॉइलीपेक्षा कितीतरी महाग भाग निकामी होतो.

गॅरेजमधून टाकाऊ कॉइल आणून, तिला बॅटरी न जोडता, विद्यार्थ्यांकडून रोध मोजून घ्यावा. मग विचारावे: आकडा बरोबर आहे, तरी ही कॉइल का टाकली असेल? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि चाचणी काय सिद्ध करते व काय करत नाही हे आधी ठरवावे, ही शिस्त त्यातून हाती लागेल.