स्टेपनी लावावी कुठे?

एटापल्लीहून सूरजागडकडे निघालेल्या गाडीचे चाक वाटेत बसले, की प्रश्न नुसत्या हवेचा राहत नाही. गाडीत धानाची पोती असतात, कधी कळा सुरू झालेली घरची सून असते, आणि पंक्चरवाला बहुधा मागे एटापल्लीतच राहिलेला असतो. म्हणून शेतकरी बंधु-भगिनींनो, जुनी जीप किंवा पिकअप घेताना इंजिनाबरोबर स्टेपनीची जागाही नीट पाहून घ्या.

(स्टेपनी हा शब्द वेल्समधील लनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ साली डेव्हिस बंधूंनी तिथे जादा चाक विकायला काढले. आपल्याकडे तो शब्द अजून रोजचा आहे.)

पिकअपची स्टेपनी बहुधा मागे, चासीखाली टांगलेली असते. डांबरी रस्त्याला ते ठीक आहे, वजन खाली राहते. आपल्याकडे मात्र नाल्यातले दगड आणि झाडांचे खुंट तिला लागतात. नाल्याचा काठ चढताना गाडीचे शेपूट तिथेच टेकते. चिखलाने साखळी गंजते ती वेगळीच. आणि गाडी भरलेली असताना मागचे चाक बसले, तर खाली हात शिरायलाही जागा उरत नाही; आधी पोती उतरवा, मग जॅक लावा!

टपावर ठेवली तर चिखल लागत नाही, हे खरे. पण तीसेक किलोंचे चाक वर गेले की तिरप्या वाटेवर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, आणि रात्री एकट्याने ते उतरवायचे कसे? काही जुन्या जिपांना कुशीला लावलेली स्टेपनी अरुंद वाटेवर झाडांना घासते.

माझे मत असे, की रानवाटेच्या गाडीला स्टेपनी मागे, उभीच असावी. ती नुसत्या पत्र्याच्या फाटकावर मात्र अडकवू नये. धक्क्यांनी बिजागऱ्या ढिल्या होतात, पत्रा तडकतो. वजन चासीवर जाईल अशी, बाजूला उघडणारी बैठक हवी. कंपनीची असेल तर उत्तम. नवी करायची तर आधी आर. टी. ओ. कचेरीत विचारावे. नंबरप्लेट व मागचे लाल दिवे झाकले जाता कामा नयेत. २०२१पासून सूरजागडच्या लोहखाणीचे काम वाढले, तसे अवजड ट्रकही वाढले. दिवा झाकलेली गाडी त्यांच्या चालकाला दिसणार नाही. पिकअप असेल, तर स्टेपनी हौद्यात केबिनमागे उभी करून पट्ट्याने घट्ट आवळावी. पोत्याची जागा जाते, ती जाऊ द्यावी.

२०२०च्या नियमाने, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारे यंत्र आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. आपण त्या वाटेला जाऊ नये. खुंटाने टायर कुशीला फाटला, तर संच काय करणार? स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची ठेवा. माप वेगळे असले, तर चारही चाकांचा जोर लावताना गिअरपेटीवर ताण येतो.

मृगाआधी ती एकदा खाली काढा, हवा पाहा, साखळीला व नटांना ग्रीस लावा, गाडीतला पाना त्या नटांना बसतो का तेही तपासा. त्या दिवशी चाक घरातल्या दुसऱ्या माणसाकडून बदलवून घ्या.