सेन्सेक्स, महागाई आणि खरा परतावा

होस्टेलवर प्लेसमेंटचा सीझन आला की पॅकेजच्या गप्पांपाठोपाठ शेअर बाजाराच्या गप्पा सुरू होतात. "तीस वर्षांत लाखाचे ऐंशी लाख!" हे वाक्य मी मेसमध्ये कितीतरी वेळा ऐकलं आहे. मित्रहो, हा हिशोब खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा महागाईचा.

आधी आकडे घेऊ. सेन्सेक्स मोजताना १९७८-७९ साली तो १०० होता असं धरलं आहे. मार्च २०२४ अखेर तो ७३,६५१ होता. म्हणजे ४५ वर्षांत ७३६ पट. कॅल्क्युलेटरवर ७३६ चं पंचेचाळिसावं मूळ काढा, १.१५८ येईल. थोडक्यात, वर्षाला १५.८ टक्के. याच काळात महागाई सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास राहिली. इथे बरेच जण सरळ वजाबाकी करतात. पण दोन्ही गोष्टी चक्रवाढीनं वाढतात, म्हणून भागाकार हवा: १.१५८ ÷ १.०७५ = १.०७७. खरा परतावा ७.७ टक्के. डिव्हिडंड धरला तर यात टक्का-दीड टक्का भर पडते.

याच दरानं तीस वर्षांत लाखाचे ८१ लाख होतील खरे, पण त्यात आजच्या सव्वानऊ लाखांइतकाच माल येईल.

दुसरी गोष्ट, सरासरी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स ४,४६७ वर गेला होता. मार्च २००३ अखेर तो जेमतेम ३,०५० होता, आणि त्या अकरा वर्षांत भाव दुपटीहून जास्त वाढले होते. शिखरावर घातलेल्या पैशाची खरी किंमत डिव्हिडंड सोडून एक-तृतीयांशाच्याही खाली आली. जपानमध्ये तर १९८९ अखेरचं निक्केईचं शिखर पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

मग पुढचा अंदाज कसा करायचा? मागचा आकडा तसाच पुढे ओढू नका. तीन तुकडे करा: डिव्हिडंडचा दर, महागाई वजा जाता दर शेअरमागच्या नफ्याची वाढ, आणि पी/ई मधला बदल. तिसरा तुकडा शून्य धरावा, कारण पी/ई कायम चढत राहू शकत नाही. डिव्हिडंड सव्वा टक्का आणि नफ्याची खरी वाढ चार टक्के धरली, तर बेरीज सव्वापाच येते. मी स्वतः पाचच धरतो. त्या दरानं लाखाचे तीस वर्षांत आजच्या भावानं ४.३ लाख होतात.

ऐंशी लाखांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण पहिल्या पगारातून किती बाजूला टाकायचं हे ठरवताना हाच धरा. ऐंशीच्या भरवशावर कमी साठवलं, तर ते कळेल तेव्हा भरून काढायला वर्षं उरलेली नसतील. आणि तीन-चार वर्षांत लागणारे पैसे, शैक्षणिक कर्जाचे हप्ते असोत की बहिणीचं लग्न, बाजारात ठेवूच नका.