मे महिन्यातलं तोरणमाळ

शहाद्याच्या बसस्थानकावर सकाळचे साडेनऊ वाजले आहेत आणि लोखंडी बाकावर हात ठेववत नाही. डोक्यावरचा पंखा फिरतो, पण वारा गरमच येतो. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरं वाजताहेत. म्हातारी माणसं रुमाल बांधून खांबाच्या सावलीत बसली आहेत. सावली सरकते, तशी तीही सरकतात.

तोरणमाळच्या गाडीसाठी रांग आहे, पण ती माणसांची नाही. पिशव्या, गोणपाटाची गाठोडी, रिकाम्या टोपल्या, एक नवाकोरा पत्र्याचा हंडा. सामान उन्हात उभं, माणसं सावलीत. कोणी कुणाची पिशवी मागे सारत नाही.

"गाडी कधी लागते?"

"लागंल. बसा तुम्ही."

शेजारी कॉलेजातली एक मुलगी मोबाइल बघत बसली आहे. पडद्यावर निळा समुद्र, चुन्यानं रंगवलेली पांढरी घरं, काळी वाळू. ग्रीसमधलं कुठलंसं ज्वालामुखीचं बेट. ती ते सोबतच्या मावशीला दाखवते. मावशी बराच वेळ बघते आणि विचारते, "तिथं झाडं नाहीत का गं?"

गाडी लागते. खिडक्यांतून रुमाल आत पडतात, एक लहान पोरगं आत सरकवलं जातं. दोन मिनिटांत उभं राहायलाही जागा उरत नाही. कंडक्टर गर्दीतून तिरका होत येतो. बायका "अर्धं" म्हणतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आठवडी बाजार, माहेर, दवाखाना या सगळ्या फेऱ्यांत आता बायका जास्त दिसतात. पंचाहत्तरी ओलांडलेला एक बाबा नुसतं कार्ड दाखवतो. त्याला तिकीट नाही. तो ते कार्ड पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल खिशात ठेवतो.

म्हसावदपर्यंत रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना तापीच्या खोऱ्यातली काळी, खोल माती. केळीच्या बागा, उसाचे फड. पपईच्या कोवळ्या रोपांवर उन्हापासून वाचवायला पांढऱ्या कापडाच्या टोप्या घातल्या आहेत. रांगाच्या रांगा, नजर पोचते तिथवर. या दिवसांत इथला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. खिडकीतून येणारी हवा तोंडावर तव्याच्या वाफेसारखी लागते. बायका पदर नाकापर्यंत ओढून घेतात. बोलणं थांबतं.

समोर सातपुडा आहे. आधी नुसती धुरकट निळी रेघ. राणीपूर येईपर्यंत त्या रेघेचे डोंगर होतात.

राणीपूरला गाडी थांबते. चहा, पाण्याच्या बाटल्या, भजी. काही माणसं उतरतात, तेवढीच चढतात. इथून पुढे बसमधली भाषा बदलते. मघापर्यंत कानावर अहिराणी आणि गुजरी होती, आता पावरी. पुढच्या सीटवर एक बाई आहे. तिचं मूळ गाव नर्मदेकाठचं. ते सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं आणि ती आता सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतीत राहते. उन्हाळ्यात मात्र बहिणीकडे डोंगरात येतेच. "खाली जमीन चांगली आहे," ती सांगते. "पण महू नाही, चारोळी नाही. लाकडाची काडीसुद्धा विकत." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागते. शहादा आणि तळोदा तालुक्यांत अशा वसाहती आहेत. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि पाणी वर चढलं. या डोंगरांच्या उत्तर टोकाला आजही ते पाणी उभं आहे.

काळापाणी गेलं की घाट खरा जाणवू लागतो. ड्रायव्हर गिअर बदलतो, गाडी कण्हते. साग पूर्ण निष्पर्ण आहेत. वाळलेली मोठी पानं रस्त्यावर घासत जातात, कागद फाडल्यासारखा आवाज होतो. या पिवळ्या-राखाडी उतारावर महू मात्र तांबूस, कोवळ्या पालवीनं भरलेला आहे आणि आंब्याखाली गर्द सावली आहे. पुढे सात पायरीचा घाट. वळण, त्यावर वळण. प्रत्येक वळणावर मागचा रस्ता खाली दिसतो. प्रत्येक वेळी आणखी खोल, आणखी बारीक.

डोंगर कापून रस्ता काढला आहे तिथे खडकाचं पोट उघडं पडलंय. काळा जाड थर. त्यावर भाजक्या विटेच्या रंगाची पातळ पट्टी. त्यावर पुन्हा काळा थर. काही दगडांना बारीक भोकं आहेत, वितळलेल्या खडकातून वाफ आणि वायू निघून गेल्याच्या खुणा. हा सगळा लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पुन्हा पुन्हा बाहेर वाहत आला. दोन लोटांच्या मधे मोठा काळ गेला, वरचा खडक झिजून माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजली. तीच ही तांबडी पट्टी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, आणि एकूण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या खडकाखाली आहे. लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्या भेगाही आपल्याकडे दिसतात. तापीच्या दक्षिणेला, नंदुरबार ते धुळे या पट्ट्यात शेतांमधून पूर्व-पश्चिम सरळ धावणाऱ्या काळ्या दगडी भिंती आहेत. भूशास्त्रज्ञांनी तिथे अशा दोनशेहून अधिक भिंती नकाशावर आणल्या आहेत. गुराखी त्यांच्या सावलीला जेवतात.

कॉलेजातल्या मुलीला मी तो थर दाखवतो. ती फोन खाली ठेवून खिडकीतून मान बाहेर काढते. पुढच्या वळणावर दुसरा थर येतो, तो ती मावशीला दाखवते.

तिच्या फोनमधल्या बेटासारखंच, ग्रीसच्या एजियन समुद्रात निसिरोस नावाचं एक शांत बेट आहे. एकेचाळीस चौरस किलोमीटर जमीन, हजारभर वस्ती. मधल्या खड्ड्यात माणसं चालत उतरतात. पायाखाली जमीन गरम लागते आणि गंधकाचा वास येतो. तिथला शेवटचा स्फोट १८८८ मधला, वाफेचा. तो ज्वालामुखी अजून जागा आहे. आपला केव्हाच निवाला, झिजला, त्याच्यावर जंगल उगवलं. मला हा निवालेला डोंगर जवळचा वाटतो. त्याच्या अंगावर माणसं मका पेरतात.

शेवटच्या वळणानंतर गाडी एकदम हलकी होते. चढ संपला. खिडकीतून येणारा वारा आता वेगळा आहे. बसमधल्या सगळ्यांना तो एकाच वेळी कळतो. पदर खाली येतात, एक बाळ रडायचं थांबतं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटरवर आहे, शहाद्यापेक्षा हजार मीटरच्या आसपास उंच. तेवढ्या चढणीत पारा सहा-सात अंशांनी उतरतो. ऊन आहेच, पण ते आता टोचत नाही.

आधी तलाव दिसतो. यशवंत तलाव. उन्हाळा असूनही भरपूर पाणी. काठाची पट्टी उघडी पडलीय, तिच्यावर गुरांच्या खुरांचे ठसे वाळलेत. म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या आहेत. दोन पोरं दगडावरून सूर मारतात, वर येतात, पुन्हा चढतात. सहलीला आलेली तीन-चार कुटुंबं झाडाखाली सतरंजी टाकून डबे उघडताहेत. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. इथे ओळीनं दुकानं नाहीत, घोडे नाहीत, बंदूक-फुग्यांचा खेळ नाही. चहाच्या टपऱ्या, थोडी हॉटेलं, राहायला मोजक्या खोल्या. हे असंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

गोरखनाथाच्या देवळाकडे चालत जातो. आज पायऱ्यांवर चार माणसं आहेत. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा तिन्ही बाजूंनी लोक येतात, कितीतरी जण डोंगरवाटांनी अनवाणी चालत. आता आवारात नारळाच्या शेंड्या, थंड फरशी आणि धुनीच्या राखेचा वास. पुजारी प्रसादाची साखर हातावर ठेवतो आणि विचारतो, "मच्छिंद्रनाथाच्या गुहेत जाऊन आलात का? ऊन उतरल्यावर जा. वाट उताराची आहे, येताना दम लागतो."

सीताखाई तलावापासून लांब नाही. शेवटच्या टप्प्यावर जमीन अचानक संपते. समोर सरळ तुटलेला कडा. काळ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पाण्याचा जुना डाग आहे. पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की ते पाणी इथून खाली कोसळतं. आत्ता खाई कोरडी आहे. एक घार आपल्या पायांच्या खालच्या पातळीवर घिरट्या घालते, तिची पाठ दिसते. कुणीतरी हाक मारतं, हाक परत येते. मग सगळी पोरं हाका मारतात.

दुपारी पाड्याकडे वळतो. इथली घरं एकमेकांना चिकटून नाहीत. एक घर या उतारावर, दुसरं त्या टेकाडावर, मधे ज्याचं त्याचं शेत. बांबूच्या विणलेल्या भिंती, वर शेणामातीचा लेप. अंगणातल्या आंब्याखाली तीन बायका आणि एक आजी बसल्या आहेत. मधे कैऱ्यांचा ढीग. आमचुराचे दिवस आहेत.

आजी कैरी डाव्या हातात धरते. पात्याखाली फिरवते. साल एका लांब फितीसारखी सुटून मांडीवर पडते. मग चार-पाच कापे, कोय बाजूला. तिचं कैरीकडे लक्षही नाही. बोलता बोलता हात चालू आहेत. कैरीच्या चिकानं बोटांची टोकं काळी पडली आहेत, नखांच्या कडा सोललेल्या. "झोंबतं का?" असं विचारल्यावर ती हसते आणि शेजारणीला पावरीत काहीतरी सांगते. शेजारीण मराठीत आणते: "पहिले आठ दिवस झोंबतं म्हणते. मग हातच कैरीचे होतात."

फोडी मागच्या खडकावर पसरल्या आहेत. तोच काळा दगड, दिवसभर तापणारा. सकाळच्या फोडी पांढऱ्या, कालच्या पिवळसर, परवाच्या कडेला मुडपून तपकिरी झालेल्या. मी एक तोंडात टाकतो. आंबट इतकी, की कानामागे कळ जाते. बायका हसतात. वळवाचा एक शिंतोडा आला तरी सगळं काळं पडतं, म्हणून दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी पश्चिमेकडे बघतं. टोपलीभर कैऱ्या सुकून ओंजळीत मावतील एवढ्या उरतात. हा माल धडगावच्या बाजारात जातो, तिथून व्यापाऱ्याकडे, आणि पुढे कुठल्या कुठल्या मसाल्यांत. अक्राणी तालुक्यातल्या कितीतरी घरांचा पावसाळ्याआधीचा रोख पैसा हाच. बियाणं यातूनच येतं, मुलांची दप्तरंही.

थंड हवेसाठी आलेले आम्ही याच उन्हात सावली शोधतो, त्यांना मात्र ते कडक पडलेलं हवं आहे.

चारोळीही आहे. एका सुपात काळपट बारीक फळं, दुसऱ्यात फोडून काढलेले दाणे. एका दाण्यासाठी एक टणक कवच जात्यावर हलक्या हातानं भरडायचं, जोर जास्त झाला की दाणाही चुरतो. आपण बासुंदीवर ते चिमूटभर टाकतो. मी पावशेर घेतो. भाव करायला जीभ उचलत नाही.

संध्याकाळी तलावावर वारा सुटतो. शहाद्याला या वेळी लोक गच्चीवर पाणी मारत असतील. इथे टपरीवाला खांद्यावर टॉवेल ओढून घेतो. पावशा ओरडत राहतो. अंधार पडतो तसे उतारावर एकेक करत दिवे लागतात, मोजता येतील इतके. मोबाइलला रेंज येते, जाते. पोरं आधी चिडतात, मग पत्त्यांचा डाव मांडतात. मध्यरात्री पायाशी ठेवलेली चादर अंगावर ओढावी लागते.

सकाळी परतीच्या गाडीजवळ आमच्याआधी पोती आली आहेत. आमचुराची, चारोळीची, एक तेंदूफळांची टोपली, दोन कोंबड्या. कंडक्टर कमरेवर हात ठेवून उभा.

"मावशी, ही तीन पोती वर टाका. आत माणसं बसू द्या."

"वर दव लागेल."

"दव कुठलं आता? ऊन आलं."

"मग घाटात झाडं लागतात, पोतं फाटतं."

तो पोत्यांकडे बघतो, आमच्याकडे बघतो. सहलीच्या लोकांना दोन सीट मागे सरकायला सांगतो. आम्ही सरकतो. कॉलेजातली मुलगी एक पोतं मांडीशी धरून बसते. पोत्याच्या शिवणीतून आंबट वास येतोय. पोत्यांवाली मावशी दारातून पुन्हा एकदा वाकून पोती मोजते, तीन आहेत ना बघते, आणि कंडक्टरला म्हणते, "आता मार घंटी."