टर्बो, पिस्टन आणि विस्मृत रिकार्डो

जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवायचा झाल्यास संपीडन गुणोत्तर ८.५ ठेवावे की १०, आणि पिस्टन ओतीव घ्यावेत की घडीव, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. उत्तरापूर्वी सर हॅरी रिकार्डो (१८८५-१९७४) यांचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. कारण शिसेयुक्त पेट्रोलाचा शोध लावणाऱ्या मिजलीचे नाव पाठ्यपुस्तकांत नमूद झाले, परंतु इंजिनातील ठोक्याचे मूळ चिकाटीने शोधणाऱ्या या इंग्रज अभियंत्याला त्याचा रास्त मान मिळाला नाही.

केंब्रिजमध्ये प्राध्यापक हॉपकिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेल्या रिकार्डोने, पहिले महायुद्ध संपताच, चालू असतानाच गुणोत्तर बदलता येईल असे एक अजब प्रायोगिक इंजिन उभारले आणि त्यावर नाना तऱ्हेची इंधने पारखली. ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकत असता तिच्यापुढे कोंडला गेलेला वायू इतका तापतो, की ज्योत पोहोचण्यापूर्वीच तो आपसूक पेट घेतो. नॉकिंग म्हणतात ते हेच, आणि पिस्टनच्या रिंगांमधील कडा मोडतात त्या बहुधा यामुळेच. टोल्युइनसारखी द्रव्ये या अनर्थाला दीर्घकाळ थोपवतात, हेही त्याच प्रयोगमालिकेत सिद्ध झाले.

आता हिशेब पाहा. आदर्श ऑटो-चक्रात गुणोत्तर ८ वरून १० केल्यास कार्यक्षमता सुमारे ५६ टक्क्यांवरून ६० वर जाते. याउलट टर्बोने वातावरणाइतकाच जादा दाब दिला आणि हवा नीट थंड केली, तर सिलिंडरातील हवा जवळजवळ दुपटीने भरते. म्हणूनच २७ लिटरच्या मर्लिन विमान-इंजिनाचे गुणोत्तर अवघे ६ होते, आणि १९४० साली १०० ऑक्टेनचे इंधन मिळताच गुणोत्तर न बदलता दाब ६ पौंडांवरून १२ पर्यंत चढवता आला. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने १०.२५ चा हट्ट धरला, तेव्हा ठोका रोखण्यासाठी मद्यार्क-मिश्रित पाण्याची वेगळी टाकी सांभाळण्याची जबाबदारी मालकावर येऊन पडली. आजचे कारखाने १० च्या वर जातात, ते थेट सिलिंडरात फवारलेल्या इंधनाच्या गारव्याच्या व नॉक-सेन्सरच्या बळावर. जुन्या इंजिनात ही तजवीज नसते.

तेव्हा साध्या पेट्रोलावर, मध्यम दाबासाठी, ८.५ च्या आसपास राहावे. दाब माफक असेल तर भरपूर सिलिकॉन असलेल्या ४०३२ मिश्रधातूचे घडीव पिस्टन पुरतात. सतत कठोर वापर असेल तर २६१८ घ्यावा, जो कॉन्कॉर्ड विमानाच्या कायेसाठी वापरलेल्या मिश्रधातूच्याच कुळातला आहे. मात्र तो तापल्यावर अधिक फुगतो, सबब सिलिंडरात त्याला जादा मोकळीक द्यावी लागते आणि थंड इंजिन थोडा खडखडाट करते.

गुणोत्तर उतरवण्यासाठी हेड-गॅस्केट जाड करू नये. पिस्टनची सपाट कड आणि हेड यांमधली फट सुमारे १ मिलिमीटर राहिली, तरच वायू पिळून मध्यभागी झोकला जातो व ज्योत वेगाने धावते. मिश्रणात अशी खळबळ माजवणारे हेडदेखील रिकार्डोनेच घडवले होते. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर खोलगट वाटी असलेला नमुना मागवावा आणि ती फट जशीच्या तशी राखावी.