इंग्रजीच्या अप्रमाण बोली व अपभाषा

इंग्रजी भाषेच्या प्रमाण रूपाहून उच्चार, व्याकरण वा शब्दसंग्रह यांबाबत वेगळी असलेली प्रादेशिक व सामाजिक रूपे, तसेच विशिष्ट गटांत रूढ असणारी अनौपचारिक शब्दसंपत्ती. यांपैकी पहिल्या प्रकारास बोली व दुसऱ्यास अपभाषा किंवा ‘स्लँग’ म्हणतात. बोली ही संपूर्ण भाषाव्यवस्था असते. तिला स्वतःची ध्वनिव्यवस्था व व्याकरण असते आणि मूल ती घरातच आत्मसात करते. अपभाषा ही केवळ शब्दांची व वाक्‌प्रचारांची भर असून ती कोणत्याही बोलीच्या किंवा प्रमाण भाषेच्याही व्याकरणात सामावू शकते. उच्चारधाटणी ही याहून निराळी बाब होय. प्रमाण व्याकरण कसोशीने पाळणारी व्यक्तीही स्कॉटिश किंवा टेक्ससच्या धाटणीने बोलू शकते. सामान्य व्यवहारात मात्र या तिन्हींची गल्लत होते व तिन्हींना सरसकट ‘अशुद्ध इंग्रजी’ म्हटले जाते. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने प्रमाण इंग्रजी ही इंग्रजीच्या अनेक बोलींपैकी एक असून तिला लाभलेली प्रतिष्ठा ऐतिहासिक कारणांनी आलेली आहे. तथापि त्या प्रतिष्ठेचे परिणाम शिक्षण, निवास व न्याय या क्षेत्रांत माणसांना प्रत्यक्ष भोगावे लागतात; म्हणूनच हा विषय केवळ भाषाभ्यासकांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

प्रमाण इंग्रजीचा उदय : चौदाव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये सर्वमान्य असे एकच इंग्रजी नव्हते, प्रत्येक लेखक आपापल्या प्रदेशाच्या बोलीत लिहीत असे. पंधराव्या शतकात लंडन व पूर्व-मध्य इंग्लंडच्या बोलीवर आधारलेली लेखनभाषा राजकीय कारभारात रूढ झाली. विल्यम कॅक्स्टन (सु. १४२२–९१) याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय काढल्यावर तिचा प्रसार वाढला. एनीडॉस (१४९०) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कॅक्स्टनने सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. टेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वाऱ्याअभावी किनाऱ्यावर उतरले. त्यांतील एकाने एका घरी उत्तरेकडील ‘एग्ज’ हा शब्द वापरून अंडी मागितली, तेव्हा गृहिणीने आपल्याला फ्रेंच येत नाही असे उत्तर दिले. दुसऱ्याने ‘आयरेन’ हा दक्षिणेकडील शब्द वापरल्यावर तिला त्याचे बोलणे समजले. पुढे ‘एग’ हा शब्द प्रमाण ठरला व ‘आयरेन’ लुप्त झाला. या निवडीमागे शब्दाच्या गुणावगुणांचा काहीच संबंध नव्हता.

१५८९ मध्ये जॉर्ज पटनम याने कवींना राजदरबाराची आणि लंडनच्या सभोवती सु. ६० मैलांच्या परिसरातील भाषा वापरण्याचा सल्ला दिला. सॅम्युएल जॉन्सनचा कोश (१७५५), रॉबर्ट लाउथचे व्याकरण (१७६२) आणि जॉन वॉकरचा उच्चारकोश (१७९१) यांमुळे अठराव्या शतकात शुद्धाशुद्धतेची कल्पना दृढ झाली. उदयोन्मुख मध्यमवर्गाला ‘सभ्य’ भाषा शिकण्याची निकड भासत होती व हे ग्रंथ ती भागवीत होते. वॉकरने लंडनच्या श्रमिकांच्या ‘कॉकनी’ बोलीतील उच्चार विशेषच निंद्य मानले. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक होत गेले आणि हे निकष सामान्य मुलांपर्यंत पोहोचले. खाजगी निवासी शाळांत घडलेल्या उच्चारधाटणीस डॅन्यल जोन्स (१८८१–१९६७) याने १९२६ मध्ये ‘स्वीकृत उच्चार’ ही संज्ञा लावली. कोणत्याही प्रदेशाशी निगडित नसलेली ही धाटणी वर्गाशी मात्र घट्ट निगडित होती.

अप्रमाण बोलींचे नियम : अप्रमाण बोली म्हणजे प्रमाण भाषेची ओबडधोबड नक्कल, हा समज चुकीचा आहे. अनेक ठिकाणी बोलींनी भाषेची जुनी रूपे जतन केली आहेत, तर काही ठिकाणी त्या प्रमाण भाषेपेक्षा अधिक नियमित आहेत. एकाच वाक्यात दोन नकार वापरणे हे आज अडाणीपणाचे लक्षण समजले जाते. परंतु चॉसरच्या काव्यात अशी रचना सर्रास आढळते. दोन नकार परस्परांना रद्द करतात, हा गणिती युक्तिवाद अठराव्या शतकातील व्याकरणांतून रूढ झाला. प्रत्यक्षात अशा वाक्याचा अर्थ होकारार्थी आहे, असा कोणाही श्रोत्याचा गैरसमज होत नाही. ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’ ही रूपे षष्ठीवरून बनली आहेत. त्याच न्यायाने अनेक बोलींत ‘हिजसेल्फ’ व ‘देअरसेल्व्ह्‌ज’ अशी रूपे होतात. प्रमाण भाषेतील ‘हिमसेल्फ’ व ‘देमसेल्व्ह्‌ज’ हेच येथे अपवाद ठरतात. प्रमाण इंग्रजीने एकवचनी ‘दाउ’ टाकून दिल्यामुळे तिच्यात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद उरला नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ‘यॉल’ व आयर्लंड, लिव्हरपूल इ. ठिकाणचे ‘यूज’ ही अनेकवचनी सर्वनामे ती उणीव भरून काढतात; यॉर्कशरच्या काही भागांत तर जुने ‘दाउ’च टिकून राहिले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘ही वर्किंग’ व ‘ही बी वर्किंग’ ही दोन भिन्न वाक्ये आहेत. पहिल्याचा अर्थ ‘तो आत्ता काम करतो आहे’ असा, तर दुसऱ्याचा ‘तो नेहमी काम करत असतो’ असा आहे. मराठी भाषकास हा भेद सहज उमगेल; प्रमाण इंग्रजीत तो एका क्रियारूपाने व्यक्त होत नाही. पहिल्या वाक्यातील ‘इज’चा लोपही मनमानी नसतो. विल्यम लबाव्ह (१९२७–२०२४) या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९६९ मध्ये असे दाखवून दिले, की प्रमाण इंग्रजीत ज्या स्थानी ‘इज’चा संक्षेप करता येतो, त्याच स्थानी या बोलीत त्याचा लोप होतो, जेथे संक्षेप होऊ शकत नाही, तेथे लोपही होत नाही.

बोलींचा अभ्यास : इंग्लंडमधील बोलींचा पहिला मोठा कोश जोझेफ राइट (१८५५–१९३०) याने सहा खंडांत प्रसिद्ध केला (१८९८–१९०५). यॉर्कशरमधील गरीब कुटुंबात जन्मलेल्या राइटने बालपणी गिरणीत काम केले व वाचायला तो सु. पंधराव्या वर्षी शिकला. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात माक्स म्यूलर याच्यानंतर तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापकपद त्याला मिळाले. हॅरल्ड ऑर्टन व ऑइगेन डीट यांच्या योजनेनुसार लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी सर्वेक्षण केले. प्रत्येक ठिकाणी १,३०० हून अधिक प्रश्न विचारण्यात आले. अमेरिकेत हान्स कूराट याच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंडचा भाषिक नकाशासंग्रह तयार झाला (१९३९–४३) व पुढे फ्रेडरिक कॅसिडी याच्या प्रेरणेने प्रादेशिक इंग्रजीचा बृहत्‌कोश १९८५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. आरंभीच्या सर्वेक्षणांचा भर खेड्यांतील वृद्ध माणसांवर होता. शहरी व सामाजिक बोलींकडे लक्ष वळले ते १९६० नंतर.

अपभाषा : ‘स्लँग’ हा शब्द अठराव्या शतकाच्या मध्यास आढळू लागतो, त्याची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. प्रारंभी भिकारी, चोर व भटके यांच्या गुप्त बोलीस तो लावीत. अशा बोलीची एक शब्दसूची टॉमस हार्मन याने १५६७ च्या सुमारास दिली होती. फ्रान्सिस ग्रोस (१७८५) व एरिक पार्ट्रिज (१९३७) यांचे कोश या विषयातील प्रमुख टप्पे होत. गटातील व्यक्तींना जवळ आणणे आणि परक्यांना दूर ठेवणे, ही अपभाषेची मुख्य कार्ये आहेत. त्यामुळेच एखादा शब्द सर्वांना कळू लागला, की गट नवा शब्द घडवितो. लंडनच्या यमक-अपभाषेत ‘स्टेअर्स’ याऐवजी ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणतात. ‘लोफ ऑफ ब्रेड’ म्हणजे ‘हेड’. यातील यमकाचा शब्दही गळून नुसता ‘लोफ’ उरतो आणि नवख्याला अर्थ लागणे अशक्य होते. उलट्या अक्षरांच्या अपभाषेतून ‘बॉय’चा ‘यॉब’ झाला.

लष्करी अपभाषेवर भारताचा ठसा ठळक आहे. ‘देखो’वरून ‘डेको’ (दृष्टिक्षेप), ‘विलायती’वरून ‘ब्लायटी’ (मायदेश इंग्लंड) हे शब्द सैनिकांनी नेले. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नासिकजवळील देवळालीच्या छावणीत कंटाळवाणे दिवस काढीत. त्यावरून वेडसरपणास ‘डूलॅली टॅप’ म्हटले जाऊ लागले. यातील ‘टॅप’ हे हिंदुस्थानी ‘तप’ म्हणजे ज्वर याचे रूप होय. ‘पॅल’ (मित्र) हा शब्द रोमानी भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘भाऊ’ असा आहे. संस्कृत ‘भ्रातृ’शी त्याचे नाते आहे. बहुतेक अपशब्द अल्पायुषी असले, तरी काही प्रतिष्ठित होतात. जोनाथन स्विफ्टला न रुचलेला ‘मॉब’ हा शब्द आज कोणासही खटकत नाही.

सामाजिक दृष्टिकोन : भाषेविषयीचा निवाडा हा बहुधा भाषकाविषयीचा निवाडा असतो. ‘र’च्या उच्चारावरून हे स्पष्ट होते. शब्दान्ती व व्यंजनापूर्वी ‘र’ उच्चारणे हे इंग्लंडमध्ये नैर्ऋत्येकडील शेतकऱ्याचे, म्हणजे गावंढळपणाचे चिन्ह मानले जाते. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर तोच ‘र’ उच्चभ्रूपणाचे चिन्ह झाला. लबाव्हने तेथील तीन दुकानांतील विक्रेत्यांकडून ‘चौथा मजला’ या अर्थाचे इंग्रजी शब्द वदवून घेतले. महागड्या दुकानात ६२ टक्के, मध्यम दुकानात ५१ टक्के व स्वस्त दुकानात सु. एक-पंचमांश विक्रेत्यांनी ‘र’ पूर्णतः वा अंशतः उच्चारला. ‘हंटिंग’ऐवजी ‘हंटिन’ हा उच्चार मजुराच्या तोंडी अशुद्ध ठरतो. मात्र इंग्लंडमधील जमीनदार वर्गाच्या तोंडी तोच खानदानी गणला जाई.

जॉर्ज बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियन (१९१३) या नाटकाचा विषय हाच आहे. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यास बातम्या वाचण्यास नेमले, तेव्हा श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. हॉवर्ड जाइल्स याने १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत एकच वक्ता वेगवेगळ्या धाटणींत बोलला. ‘स्वीकृत उच्चारा’त तो श्रोत्यांना अधिक बुद्धिमान वाटला, तर प्रादेशिक धाटणीत अधिक प्रांजळ. अप्रमाण बोलीला अशी एक प्रच्छन्न प्रतिष्ठाही असते. नॉरिच येथील पीटर ट्रजिल याच्या पाहणीत (१९७४) अनेक पुरुषांनी आपण प्रत्यक्षात बोलतो त्याहून अधिक अप्रमाण बोलतो असे सांगितले. शाळेचे प्रयत्न असूनही बोली का टिकतात, याचे उत्तर या आपलेपणात आहे.

शिक्षण व न्याय : १९६० नंतरच्या दशकात काही अमेरिकन शिक्षणतज्ञांनी गरीब कृष्णवर्णीय मुलांची भाषा तर्कशून्य असल्याचे मत मांडले. औपचारिक चाचणीत परक्या प्रौढासमोर गप्प बसणारी मुले ओळखीच्या वातावरणात मुद्देसूद वाद घालतात, हे दाखवून लबाव्हने त्या मताचे खंडन केले (१९६९). मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी १९७९ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. मुलांची घरची बोली ओळखून तिचे ज्ञान वाचनशिक्षणात वापरण्यास शिक्षकांना साहाय्य करावे, असे त्यांनी शाळामंडळास बजावले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शाळामंडळाने ‘इबॉनिक्स’ या नावाने या बोलीस मान्यता देणारा ठराव केला, तेव्हा देशभर टीकेचे वादळ उठले. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक संस्थेने ही बोली नियमबद्ध असल्याचा निर्वाळा दिला. इंग्लंडमध्ये कॉक्स समितीने (१९८९) प्रमाण इंग्रजी सर्व मुलांना शिकवावे, परंतु ते घरच्या बोलीच्या जागी नव्हे तर तिच्या जोडीला, अशी भूमिका घेतली.

दूरध्वनीवरील आवाजावरून होणारा भेदभावही सिद्ध झाला आहे. जॉन बॉ व त्याच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात (१९९९) एकाच व्यक्तीने तीन धाटणींत घरमालकांना दूरध्वनी केले. गौरवर्णीयांची वस्ती अधिक असलेल्या भागांत अप्रमाण धाटणीस घर पाहण्याची वेळ कमी प्रमाणात मिळाली. फिलाडेल्फियातील न्यायालयीन लघुलेखकांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्याकडून ९५ टक्के अचूकता अपेक्षित असताना कृष्णवर्णीयांच्या बोलीतील सु. ६० टक्के वाक्येच त्यांनी बिनचूक उतरविली. साक्षीदाराचे शब्द नोंदीतच बदलले, तर त्याच्या साक्षीचा अर्थही बदलतो.

‘स्वीकृत उच्चारा’चे वर्चस्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ओसरले असून नभोवाणी व दूरचित्रवाणीवर प्रादेशिक धाटणी ऐकू येतात. लंडनमध्ये कॅरिबियन, आफ्रिकी व दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या संपर्कातून नवी बहुसांस्कृतिक बोली घडली आहे. तरीही ब्रिटनमध्ये २०१९ च्या सुमारास झालेल्या पाहणीत धाटणींची प्रतिष्ठेनुसार उतरंड अर्धशतकापूर्वीसारखीच आढळली. २०१० च्या ब्रिटिश समता कायद्यात वंश, धर्म, लिंग, वय इत्यादींना संरक्षण आहे. उच्चारधाटणीचा त्या यादीत समावेश नाही.